‘स्वतःच्या जबाबदारीवर आत या’ : भंगार यार्डातल्या या चुका टाळा

पाट्या लावण्यात पुण्याचा हात कोणी धरणार नाही. भोसरी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या भंगार यार्डांच्या फाटकांवरची पाटी मात्र ठरलेली : ‘आत येणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर यावे. अपघातास मालक जबाबदार नाही.’ ती लावली की मालक निर्धास्त. निर्धास्त होण्यासारखं त्यात काही नाही. जखमी माणूस भरपाईसाठी कोर्टात गेला, तर पाटीवर काय लिहिलं होतं यापेक्षा तुम्ही केलं काय होतं, हे विचारलं जातं. समोरचा वकील तर तीच पाटी पुढे करतो : धोका आहे हे ठाऊक होतं ना, मग कठडा का नव्हता? माणूस दगावला तर प्रकरण पैशावरही थांबत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद.

पाटी राहू द्या, पण तिच्यावर पाळता येईल असं काही लिहा. ‘चप्पल घालून पाइपाच्या कठड्यापुढे येऊ नये’ हे मराठीत आणि हिंदीत, हाताएवढ्या अक्षरांत.

फाळक्यासमोर उभं राहणं

बाहेरचा माणूस म्हटलं की सगळ्यांना गिऱ्हाईक आठवतं. माल घेऊन आलेल्या ट्रकचा क्लीनर कोणाच्या खिजगणतीतच नसतो. तो तुमचा कामगार नाही, त्याला यार्ड माहीत नाही, आणि सगळ्यात वाईट जागी तोच उभा असतो.

गाडी खड्ड्यांतून धक्के खात आलेली असते. बिडाचे तुकडे, कास्टिंग, पत्र्याची कतरण मागे सरकून फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेवर, रेललेली असते. वर ताडपत्री, त्यामुळे दिसत काहीच नाही. क्लीनर फाळक्यासमोर उभा राहतो आणि कड्या हातोडीने ठोकतो. कडी सहज निघत नाही, ठोकावी लागते, याचाच अर्थ आतून वजन आलेलं आहे. पहिली कडी सुटते तेव्हा फाळका जरा तिरका होतो. दुसरी सुटली की फाळका आणि माल एकदमच खाली येतात. मागे सरकायला वेळ मिळत नाही, आणि मागे चिखल असतो.

पुढचं नाटकही ठरलेलं. पाय चिरडलेल्या पोराला मुनीम मोटारसायकलवर मधे बसवून जवळच्या दवाखान्यात टाकतो, हातात पाच हजार ठेवतो आणि ड्रायव्हरला सांगतो, ‘बघून घेऊ’. नोंद शून्य. गाडीचा नंबर वजनकाट्याच्या पावतीवर तेवढा असतो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं. तीन महिन्यांनी वकिलाची नोटीस येते तेव्हा मालक पॉलिसी शोधायला लागतो. एक सापडते आगीची, तिचा इथे उपयोग नाही. दुसरी कामगार भरपाईची, ती स्वतःच्या कामगारांपुरती. ट्रकचा थर्ड पार्टी विमा आहे म्हणावं, तर त्याची कंपनी वाद घालते की कायद्याने सक्तीचं संरक्षण सार्वजनिक जागेसाठी आहे आणि फाटक असलेलं यार्ड सार्वजनिक कसं? बाहेरच्यांसाठी असते ती पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. ती घेतलीच नसते, किंवा घेतलेली असून वेळेत कळवलेलं नसतं.

गाडी खाली करायची शिस्त दहा मिनिटं खाते, बास. गाडी ठरलेल्या जागी, चाकांना लाकडी ठोकळे, इंजिन बंद, किल्ली सुपरवायझरच्या खिशात. आधी ताडपत्री सोडायची आणि बाजूच्या शिडीवरून माल बघायचा. मालाने फाळक्याला पोट आलं असेल, तर कड्यांना हातच लावायचा नाही. ग्रॅबने, म्हणजे क्रेनच्या पंज्याने, मागच्या भागातला माल वरून काढून घ्यायचा. मग कड्या सोडायच्या, एकेक करून, बाजूला उभं राहून, दीड मीटर पाइपाला वेल्ड केलेल्या आकड्याने. तो आकडा बनवायला तुमच्याच भंगारातलं सामान पुरतं, तरी दहातल्या नऊ यार्डांत तो नसतो हे पाहून हसावं की रडावं कळत नाही. कड्या सुटताना फाळक्यामागे पाच मीटर कोणी नाही.

माल उतरताना ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्ये बसणार नाहीत, कारण ग्रॅब केबिनवरूनच फिरतो. त्यांना फाटकाजवळ पत्र्याची शेड, बाकडं, पिण्याचं पाणी आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट द्या. चार्जिंग मिळालं की माणूस जागेवरून हलत नाही. शंभर पाट्यांपेक्षा हे चालतं. विजेवरचा मॅग्नेट असेल तर बॅटरी बॅकअप दर आठवड्याला भार देऊन तपासा. वीज गेली की लटकलेला माल सुटतो, आणि गुरुवारी लाइट जाते हे पुण्यात वेगळं सांगायला नको. ग्रॅब आणि मॅग्नेटच्या पूर्ण पोचेपलीकडे आणखी पाच मीटर मोकळे ठेवायचे, ही आपली सवय असावी.

‘मीच शोधतो की’

रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेलं सामान निवडायची सवय असलेला माणूस यार्डात येतो आणि तसाच ढिगाकडे चालायला लागतो. कोणाला जुन्या बुलेटचा पार्ट हवा, इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टसाठी मोटर, कोणा इंटिरिअरवाल्याला गंजलेला गिअर. वस्तू नेमकी ढिगाच्या पायथ्याशी अडकलेली दिसते, आणि तो ती ओढतो. वरचा सगळा माल तिच्याच आधारावर थांबलेला असतो. ‘शेठ, दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्यांना इथे अजिबात सवलत नको. घाईतला हौशी माणूस रागावून गेला तर जाऊ द्या.

विकाऊ सुट्या वस्तू ढिगात ठेवायच्याच नाहीत. फाटकाजवळ निवडीचा कट्टा करा : अँगलचे तीन-चार रॅक, सगळ्यात वरचा कप्पा छातीच्या उंचीला, जड मोटारी खाली, हलके व्हॉल्व्ह वर. रोज संध्याकाळी एक हमाल तासभर माल वेगळा काढतो. गिऱ्हाइकाला ढिगातलंच हवं असेल, तर त्याने बोट दाखवायचं आणि तुमच्या माणसाने मशिन थांबवून काढून आणायचं. ढीग जितका उंच, तितकं चालायच्या वाटेपासून लांब. तीन मीटरचा ढीग असेल तर वाट किमान तीन मीटर दूर.

जमिनीवर पिवळा पट्टा मारू नका. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो चिखलाखाली असतो. जुन्या बॅरलमध्ये काँक्रीट ओतून त्यात पाइप उभे करा आणि मीटरभर उंचीवर आडवा पाइप वेल्ड करा.

बाकीच्या चुका

टर्निंगवरून, म्हणजे लेथवरच्या लोखंडी किसावरून, कोणाला चालू देऊ नका. वर कूलंटचं तेल, खाली पात्यासारखी धार. चप्पलवाल्यांसाठी फाटकावर लोखंडी टोकाचे बूट ठेवा, ७ ते १० नंबरचे, आयएस १५२९८ छाप असलेले. हेल्मेट आयएस २९२५. मार पडलेलं हेल्मेट पुन्हा खुंटीवर टांगू नका, फोडून टाका.

भंगार दाबणारा प्रेस किंवा कापणारा शिअर चालू असताना तुकडे उडतात. बंद सिलिंडर, शॉक अॅब्सॉर्बर, झाकण लागलेला बॅरल हे दाबात किंवा गॅसकटरखाली गेले तर स्फोट होतो, आणि तो गिऱ्हाईक कोण, कामगार कोण हे बघत नाही. ते काट्यावरच वेगळे काढा.

काट्यावर ट्रक असताना मागून दुचाकी घुसवणाऱ्याला फाटकाबाहेरच थांबवा.

रात्री सोडलेली कुत्री सकाळी बांधा. चावा हाही दावाच असतो; लसीकरणाचं पुस्तक ऑफिसात हवं.

अपघातानंतर पहिला तास

१०८ ला फोन, मोटारसायकल नाही. जागेचे, फाळक्याचे, कड्यांचे फोटो माल हलवायच्या आधी. दोन साक्षीदारांची नावं आणि नंबर. कॅमेऱ्याची क्लिप त्याच दिवशी पेनड्राइव्हवर, घटनेच्या आधीच्या अर्ध्या तासासह. जखम गंजक्या लोखंडाची असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विषय डॉक्टरांकडे काढा आणि केसपेपरची प्रत ठेवा. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल. उपचाराचा खर्च जरूर करा, पण पावतीवर आणि थेट हॉस्पिटलला. ‘चूक आमचीच’ असं कंपनीला न विचारता कागदावर लिहून देऊ नका. बहुतेक पॉलिसींत त्यासाठी स्वतंत्र अट असते.

पॉलिसी घेताना एजंटला दोन आकडे विचारा : एका अपघाताची मर्यादा किती आणि वर्षभराची किती. आणि अर्जात धंदा ‘ट्रेडिंग’ असा लिहू देऊ नका. ग्रॅब, प्रेस, गॅसकटिंग जे चालतं ते सगळं लिहायला लावा, प्रीमियम थोडा वाढला तरी.