एक्लिप्समधून व्हिज्युअलव्हीएम सुरू करताना या चुका टाळा

जावा प्रोग्रॅम लिहिण्याच्या एक्लिप्समध्ये व्हिज्युअलव्हीएम या प्रोफायलरचे, म्हणजे चालू प्रोग्रॅमची मेमरी व वेळ मोजणाऱ्या साधनाचे, लाँचर प्लगिन बसवले की आता ते साधन एक्लिप्सच्याच एखाद्या खिडकीत उघडेल, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. हे प्लगिन स्वतः काहीच मोजत नाही. ते आपला जावा प्रोग्रॅम सुरू करताना त्याला एक ओळखक्रमांक लावते, व्हिज्युअलव्हीएम हा स्वतंत्र प्रोग्रॅम उघडून तोच क्रमांक ‘ओपनआयडी’ या पर्यायातून त्याच्या हाती देते आणि बाजूला होते. म्हणजे एका वेळी तीन जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा) चालू असतात: एक्लिप्सचे, व्हिज्युअलव्हीएमचे आणि आपल्या प्रोग्रॅमचे. एकाची सेटिंग दुसऱ्याला दिली की बहुतेक घोळ सुरू होतात.

याचा सर्वांत नेहमीचा नमुना म्हणजे मेमरी. माझा एक प्रोग्रॅम मेमरी संपून बंद पडत होता, म्हणून मी एक्लिप्सच्या आयएनआय फाइलमध्ये ‘एक्सएमएक्स’ हा कमाल मेमरीचा पर्याय वाढवून ४ जीबी केला आणि एक्लिप्स दोनदा बंद करून उघडले, तरी व्हिज्युअलव्हीएमच्या मॉनिटर टॅबमध्ये हीपची (प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट्सना मिळणाऱ्या मेमरीची) कमाल मर्यादा २ जीबीच्या आसपासच दिसत राहिली. संगणकाची मेमरी ८ जीबी होती आणि काहीच सांगितले नसेल तर जावा साधारण तिचा चौथा हिस्सा घेते. त्या फाइलमधला आकडा फक्त एक्लिप्सच्या स्वतःच्या जेव्हीएमसाठी असतो. चूक कळल्यावर मी तोच पर्याय रन कॉन्फिगरेशनच्या आर्ग्युमेंट्स टॅबमध्ये लिहिला, पण वरच्या ‘प्रोग्रॅम आर्ग्युमेंट्स’ चौकटीत. तेथे लिहिलेला मजकूर थेट मेन मेथडला जातो, जेव्हीएम त्याची दखल घेत नाही. तो खालच्या ‘व्हीएम आर्ग्युमेंट्स’ चौकटीत हवा. शंका असल्यास व्हिज्युअलव्हीएमचा ओव्हरव्ह्यू टॅब उघडावा. मेन क्लासची आर्ग्युमेंट्स आणि जेव्हीएमची आर्ग्युमेंट्स तेथे वेगवेगळी दाखवलेली असतात, त्यामुळे आपला पर्याय कोणाच्या पदरात पडला हे लगेच कळते. मोठा हीप डंप (हीपची फाइलमध्ये साठवलेली प्रत) उघडताना व्हिज्युअलव्हीएमच अडखळत असेल, तर वाढ त्याच्या स्वतःच्या कॉन्फ फाइलमधील ‘डीफॉल्ट ऑप्शन्स’च्या ओळीत करावी लागते आणि तेथे पर्यायाच्या आधी हायफन व जे ही जोडी लावायची असते.

प्लगिनची मुख्य सेटिंग प्रेफरन्सेसमध्ये रन/डीबग, लाँचिंग आणि त्याखाली व्हिज्युअलव्हीएम कॉन्फिगरेशन येथे आहे. येथे दोनच रकाने भरायचे असले तरी दोन्ही चुकतात. पहिल्यात व्हिज्युअलव्हीएमची प्रत्यक्ष चालणारी फाइल द्यायची असते, तिचा फोल्डर नव्हे. मॅकवर ही फाइल ॲपच्या पुडक्याच्या आत दडलेली असते. जावा ८ पर्यंत ओरॅकलच्या जेडीकेबरोबर (जावा प्रोग्रॅम तयार करण्याच्या साधनसंचाबरोबर) हे साधन मिळत असे, जावा ९ पासून ते वेगळे उतरवून घ्यावे लागते. त्यामुळे नव्या जेडीकेच्या बिन फोल्डरमध्ये ते शोधण्यात अर्थ नाही. दुसऱ्या रकान्यात जेडीकेचा फोल्डर लागतो. ‘एक्लिप्स चालते, म्हणजे जेडीके असणारच’ हा तर्क येथे फसतो, कारण २०२०-०९ च्या आवृत्तीपासून एक्लिप्सची तयार पॅकेजेस स्वतःचे जेआरई, म्हणजे जावा प्रोग्रॅम फक्त चालवण्यापुरता संच, बरोबर आणतात.

हे रकाने बदलूनही फरक पडत नसेल, तर व्हिज्युअलव्हीएमची जुनी खिडकी मागे उघडी आहे का ते आधी पाहावे. ते आधीपासून चालू असेल तर नवी हाक त्या जुन्या खिडकीकडेच जाते, आणि ती ज्या जेडीकेवर सुरू झाली होती त्याच जेडीकेवर राहते. ती पूर्ण बंद करूनच पुन्हा प्रयत्न करावा. तसेच ही सेटिंग वर्कस्पेसपुरती (एक्लिप्स आपले प्रकल्प व सेटिंग ठेवते त्या फोल्डरपुरती) असते: वर्कस्पेस बदलला की रकाने पुन्हा भरावे लागतात, आणि सहकाऱ्याला रन कॉन्फिगरेशनची लाँच फाइल पाठवली तरी हा मार्ग तिच्यासोबत जात नाही.

व्हिज्युअलव्हीएमचा लाँचर निवडताना उत्साहाच्या भरात अनेक जण तो सगळ्या जावा प्रोग्रॅमसाठी ठरवून टाकतात आणि मग दोन ओळींची चाचणी चालवली तरी व्हिज्युअलव्हीएम समोर येऊन उभे राहते. रन कॉन्फिगरेशनच्या खिडकीत तळाशी ‘सिलेक्ट अदर’ असा दुवा दिसतो. त्यातून फक्त त्या कॉन्फिगरेशनपुरती निवड करावी. रन आणि डीबग यांची निवड वेगळी असते, आणि वेळ मोजायचा असेल तर माझ्या मते डीबगच्या वाटेला जाऊच नये, कारण ब्रेकपॉइंटवर थांबलेला वेळ आकड्यांत मिसळतो.

सगळे बरोबर असूनही प्रोग्रॅमचा टॅब उघडत नसेल, तर बहुधा व्हिज्युअलव्हीएम उघडेपर्यंत प्रोग्रॅम संपलेला असतो. मेनच्या सुरुवातीला कीबोर्डवरून एक अक्षर वाचणारी ओळ घालावी, टॅब दिसला की त्यातला सँपलर (ठरावीक अंतराने नोंदी घेणारा मोजमापाचा भाग) चालू करावा आणि मग एक्लिप्सच्या कन्सोलमध्ये एंटर दाबावे. सुरुवातीचे काही क्षणच तपासायचे असतील, तर ‘स्टार्टअप प्रोफायलर’ हे व्हिज्युअलव्हीएमचे वेगळे प्लगिन घ्यावे. ते जो एजंटचा पर्याय तयार करून देते, तो व्हीएम आर्ग्युमेंट्समध्ये चिकटवायचा असतो. याउलट प्रोग्रॅम चालू असूनही व्हिज्युअलव्हीएमच्या यादीत दिसत नसेल, तर एक्लिप्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आणि व्हिज्युअलव्हीएम साध्या खात्यातून उघडले आहे का, हे तपासावे.