इव्होक, प्रोव्होक, एलिसिट : भावना जागवणारी क्रियापदे वापरताना या चुका टाळा

मराठीत आठवणी चाळवतात, संशय बळावतो आणि जमावाला चिथावले जाते; भावना बदलली की क्रियापदही बदलते. इंग्रजीतही हीच शिस्त आहे. मात्र शब्दकोशात इव्होक, प्रोव्होक, एलिसिट अशा क्रियापदांपुढे ‘जागृत करणे’ हा एकच अर्थ वाचून विद्यार्थी त्यांची सर्रास अदलाबदल करतात.

सर्वाधिक घोळ इव्होक आणि प्रोव्होक यांच्यात होतो. इव्होक म्हणजे मनात दडलेले वर आणणे, म्हणून जुन्या छायाचित्रामुळे स्मृती किंवा करुणा ‘इव्होक’ होते. प्रोव्होकमध्ये डिवचणे असते आणि त्यातून बहुधा राग, निषेध, भांडण अशी तीव्र प्रतिक्रिया उमटते. कायद्यातील ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’ (गंभीर आणि अचानक चिथावणी) याच अर्थाचे आहे: नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात, चिथावणी आणि गोळीबार यांच्या दरम्यान मन शांत होण्यास पुरेसा वेळ मिळाला होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये हा बचाव फेटाळला. ‘थॉट-प्रोव्होकिंग’ मात्र निखळ प्रशंसेचा शब्द आहे, तो टीका समजून टाळू नये.

व्याकरणाचा फरकही लक्षात ठेवावा. प्रोव्होकचे कर्म व्यक्ती असू शकते, त्यामुळे ‘ही प्रोव्होक्ड मी’ हे बरोबर. परंतु ‘द साँग इव्होक्ड मी’ चूक आहे, तेथे ‘द साँग इव्होक्ड सॅडनेस इन मी’ असे लिहावे लागते.

एलिसिटमध्ये उत्तर, माहिती किंवा प्रतिसाद बाहेर काढण्याचा भाव असतो आणि ज्याच्याकडून तो मिळतो त्याच्या आधी ‘फ्रॉम’ येते. जवळपास तसाच उच्चार असलेला ‘इलिसिट’ हा शब्द बेकायदेशीर या अर्थाचे विशेषण आहे.

इन्व्होक भावनांसाठी योजू नये. देवतेचे आवाहन करताना, कायद्याचे कलम लागू करताना किंवा एखाद्याच्या नावाचा आधार घेताना ते शोभते.

अराउजबाबत विशेष सावध राहावे. कुतूहल वा संशय यांच्यासोबत ते निर्धोक आहे, पण व्यक्ती कर्म असेल तर वाचक बहुधा लैंगिक अर्थ घेतो, म्हणून औपचारिक पत्रात ‘युवर स्पीच अराउज्ड मी’ असे कधीही लिहू नये. इन्साइट (incite, म्हणजे चिथावणे) हे दंगल, हिंसा, द्वेष अशा घातक गोष्टींसाठीच राखलेले बरे. शिक्षकांनी अभ्यासाची प्रेरणा दिली असेल, तर त्यांच्यासाठी ‘इन्स्पायर्ड’ लिहावे.