कॉमेट मासा उपाशी राहतोय? घास गुहेच्या दाराशी न्या

खाऱ्या पाण्याच्या टाकीत कॉमेट ऊर्फ मरीन बेटा आणला की हमखास येणारी अडचण: मासा दिवसभर कपारीत दडून बसतो आणि तो बाहेर डोकावेपर्यंत बाकीचे सगळं फस्त करतात.

१. टाकीचा दिवा बंद करा, खोलीत मंद उजेड राहू द्या.

२. अधाशी माशांना आधी दुसऱ्या टोकाला खायला टाका.

३. प्रवाहाचा पंप बंद करा. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकीच्याच पाण्यात वितळवून लांब पिपेटमध्ये, म्हणजे ड्रॉपरसारख्या नळीत, ओढा आणि गुहेच्या तोंडापासून दोन-चार बोटं अलीकडे, अगदी थोडे थोडे सोडा. पिपेट आत खुपसाल तर तो आणखी आत जाईल. कॉमेट झडप घालत नाही, तिरका होऊन भक्ष्य न्याहाळत सावकाश पुढे सरकतो, तेव्हा घाई नको. आणि हो, पाठीच्या पराच्या मागच्या टोकाशी असलेला डोळ्यासारखा ठिपका बाहेर दिसला तर फसू नका, तोंड दुसऱ्या बाजूला असतं!

पंप १० मिनिटांत आठवणीने चालू करा. मोबाइलवर गजर लावलेला बरा. उरलेलं खाणं त्याच पिपेटने ओढून घ्या.