रोमन नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करायची आणि त्यावरची चित्रं कशी वाचायची

रोमन नाणी म्हटलं की लोकांना वाटतं हे म्युझियमवाल्यांचं किंवा कोट्यधीशांचं काम, पण तसं अजिबात नाहीये. ज्युलियस सीझरच्या खुनातल्या ब्रूटसने इ.स.पू. ४२ च्या सुमारास पाडलेलं ते प्रसिद्ध नाणं, दोन खंजीर आणि मधे टोपी असलेलं, ते आपल्या आवाक्यातलं नाही हे खरं. पण चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईन आणि त्याच्या मुलांनी ब्राँझची छोटी नाणी इतकी प्रचंड पाडली की आज सोळाशे-सतराशे वर्षांनंतरही त्यातलं एखादं छान, स्पष्ट नाणं काही हजार रुपयांत मिळतं. माझं ऐकाल तर पहिलं नाणं हेच घ्या आणि ते अक्षर न् अक्षर वाचायला शिका, चांदीच्या मागे नंतर लागता येतं.

पहिलं नाणं: लांडगीण आणि दोन पोरं

इ.स. ३३० मध्ये कॉन्स्टंटाईनने कॉन्स्टँटिनोपल या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं आणि त्या निमित्ताने नाण्यांची एक जोडी काढली, एक नव्या शहराच्या नावाचं आणि एक जुन्या रोमच्या. रोमवालं शोधा. आपल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असतं, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि भोवती 'उर्ब्स रोमा' ही अक्षरं, त्यात यू च्या जागी व्ही दिसेल, सगळ्या रोमन नाण्यांवर तसंच असतं. आता लक्ष देऊन बघा, सम्राटाचं नाव कुठेच नाही! ज्या काळात प्रत्येक नाण्यावर राजाचा चेहरा ठरलेला, त्या काळात हे फक्त शहराचं नाणं.

मागची बाजू फिरवा. लांडगीण उभी आहे, मान वळवून खाली बघतेय आणि तिच्या पोटाखाली रोम्युलस आणि रीमस ही जुळी, दंतकथेतले रोमचे संस्थापक, दूध पितायत, वर दोन तारे. चांगल्या नाण्यावर लांडगिणीच्या मानेवरचे केससुद्धा रेषांनी दाखवलेले दिसतात, एवढ्याशा जागेत ठसा कोरणाऱ्याने ते केलंय. एकदम खाली, रेषेच्या खालची बारीक अक्षरं म्हणजे टांकसाळीची खूण. टी-आर असेल तर ट्रियर, म्हणजे आजची जर्मनी, एस-आय-एस असेल तर सिस्किया, आज क्रोएशियात आहे, सी-ओ-एन-एस म्हणजे खुद्द कॉन्स्टँटिनोपल. त्याला जोडून बहुतेक वेळा आणखी एक अक्षर असतं ते टांकसाळीतल्या कार्यशाळेचं. म्हणजे तुमच्या हातातलं नाणं कुठल्या गावात, कुठल्या विभागात पाडलं इथपर्यंत कळतं, आणि मला या छंदातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

पुढची बाजू कशी वाचायची

अक्षरं बहुतेक वेळा डावीकडून घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात आणि शब्दांमधे जागा सोडलेली नसते, म्हणून सुरुवातीला डोकं चक्रावतं. पण शॉर्टफॉर्म ठरलेले आहेत. आय-एम-पी म्हणजे इंपेरेटर आणि ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस, या दोन्ही सम्राटाच्या पदव्या, पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित, सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल, रोममधलं एक मोठं सरकारी पद. टी-आर-पी दिसलं तर थांबा, कारण ट्रिब्यूनचे, म्हणजे रोममधल्या लोकप्रतिनिधीचे, अधिकार सम्राटाला दर वर्षी नव्याने मिळायचे, त्यामुळे त्यापुढे आकडा असेल तर नाण्याचं साल जवळजवळ नेमकं काढता येतं. डोक्यावर काय आहे तेही बघायचं. पानांचा मुकुट हा नेहमीचा, आणि सूर्यकिरणांसारखी टोकं असलेला मुकुट बऱ्याचदा दुप्पट किमतीची खूण असतो. सम्राट काराकालाने इ.स. २१५ मध्ये काढलेलं चांदीचं नवं नाणं त्यामुळेच झटकन ओळखू येतं.

मागची बाजू, म्हणजे खरी मजा

इथे बायकांच्या आकृत्यांची रांगच लागते आणि नवख्याला सगळ्या सारख्याच दिसतात. आपण वीणा बघून सरस्वती ओळखतो ना, तसंच इथेही हातात काय आहे ते बघायचं. तराजू असेल तर इक्विटास, सुकाणू असेल तर फोर्चुना, ऑलिव्हची फांदी असेल तर पॅक्स म्हणजे शांतता, सापाला खाऊ घालत असेल तर सॅलस म्हणजे आरोग्य, धान्याची कणसं आणि माप असेल तर अन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवी.

पण नुसतं ओळखून थांबू नका, त्या वेळी काय चाललं होतं ते शोधा. सम्राट ऑरेलियनच्या कितीतरी नाण्यांवर 'सैन्यातली एकजूट' असं लिहिलेलं आहे, आणि इ.स. २७५ मध्ये त्याला त्याच्याच अधिकाऱ्यांनी मारलं. सम्राट गॅलिएनसच्या काळात चांदीच्या म्हणवणाऱ्या नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली, पण त्याच भिकार धातूवर त्याने देवांना रक्षणासाठी साकडं घालणारी प्राण्यांची मालिका काढली, हरीण, पंखवाला घोडा, धनुष्य घेतलेला सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा. घाईघाईत पाडलेली, वेडीवाकडी नाणी आहेत ती, तरी माझी फार आवडती.

थोडं बजेट वाढलं की सम्राट फिलिपचं सिंहवालं चांदीचं नाणं बघा. इ.स. २४८ मध्ये रोमला हजार वर्षं झाली म्हणून मोठे खेळ झाले, रिंगणात प्राणी आणले, आणि ते प्राणी नाण्यांवर आले. सिंहाच्या खाली 'एक' हा आकडा आहे तो पहिल्या कार्यशाळेचा, लांडगिणीखाली दोन, आणि पाणघोडा फिलिपच्या राणीच्या नाण्यावर मिळतो. अक्षरांमधे ए-व्ही-जी-जी असे दोन जी दिसतील, म्हणजे दोन सम्राट, बाप आणि मुलगा. पुढच्याच वर्षी फिलिप मेला आणि मुलालाही ठार मारलं.

विकत घेताना

नकली नाण्यांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे सुरुवातीला फक्त परताव्याची लेखी हमी देणारा, जुना, नावाजलेला विक्रेता. पर्यटनस्थळी कोणी खिशातून काढून दाखवलं तर हात जोडून पुढे चला. खरं नाणं हातोड्याने ठोकून पाडलेलं असतं, साच्यात ओतलेल्यावर कडेला जोडाची रेष किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात. वजन करा. ओक्रे नावाची फुकट वेबसाईट आहे, अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची, तिथे सम्राटाचं नाव आणि अक्षरं टाकून तुमचा प्रकार शोधा आणि फोटो शेजारी ठेवून ताडून बघा. नाणं कुठून आलं याचे कागद मागा, चोरून खणलेला माल घेऊ नका, कारण जमिनीतून ओरबाडलं की त्या जागेचा इतिहास कायमचा जातो.

भारतात कायदा नीट समजून घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शेतात, विहिरीत काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे तसा. आणि आपल्याकडे रोमन नाणी खरंच सापडतात, ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांची चांदीची नाणी मिरीच्या व्यापारात दक्षिणेत ढिगाने आली. तामिळनाडूत पुदुकोट्टईला सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. नाण्यांचीच गोडी लागली असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन याच.

सांभाळताना

घासू नका! चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावायचं नाही. ब्राँझवरचा हिरवा-तपकिरी थर हीच त्याची त्वचा, तो गेला की नाण्याची किंमतही गेली आणि चित्रही गेलं. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली तर तो रोग आहे, ते नाणं लगेच वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, ॲसिड-फ्री कागदाची वापरा, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत डब्यात सिलिका जेल हवंच, पावसाळ्यात ते बदलत राहायचं. पाकिटावर सम्राट, टांकसाळ, साल, वजन, कुठून घेतलं हे पेन्सिलने लिहून ठेवा, आणि नाणं बघताना कडेनेच धरा, तिरपा उजेड टाकून, म्हणजे झिजलेली अक्षरंही वर उठून दिसतात.