वैयक्तिक वेबसाइटचा साइटमॅप: आधी कागदावर, मग फाइलमध्ये

पहिली वेबसाइट उभी करताना बहुतेक जण थीम निवडण्यापासून सुरुवात करतात आणि साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रांसाठीची पानांच्या पत्त्यांची यादी, शेवटी एखादं प्लगइन (तयार जोडणी) टाकून उरकतात. पुढे ‘माझी पानं गुगलवर दिसत का नाहीत’ म्हणून शोधाशोध सुरू होते. दोष बरेचदा फाइलमध्ये नसतोच. कोणती पानं हवीत आणि ती कोणत्या पत्त्यावर असतील, हेच कधी पक्कं केलेलं नसतं. म्हणून संगणक बाजूला ठेवून आधी आराखडा करा. तो नीट झाला तर फाइल तासाभरात तयार होते.

प्रत्येक पानासाठी एक चिठ्ठी घ्या. तिच्यावर चार गोष्टी लिहा: पानाचं नाव, ते कोणी आणि कशासाठी वाचायचं याचं एक वाक्य, पत्ता, आणि त्या पानावर कुठून येता येईल. एका वाक्यात उद्देश सांगता येत नसेल तर ते पान तूर्त काढून टाका. चौथा रकाना नवखे लोक हमखास रिकामा सोडतात. ज्या पानाकडे साइटवरची एकही लिंक जात नाही, ते अनाथ राहतं. साइटमॅपच्या फाइलमध्ये त्याचा पत्ता असला तरी शोधयंत्र त्याला फारसं महत्त्व देत नाही आणि वाचक तर तिथे पोचतच नाही.

नोकरी किंवा प्रवेशासाठी साइट करत असाल तर मुख्यपान, माझ्याविषयी, काम, लेखन आणि संपर्क एवढे विभाग पुरतात. मेन्यूत सहापेक्षा जास्त नावं नकोत. खरा विचार ‘काम’ या विभागाचा करायचा. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र पत्ता द्या, सगळे प्रकल्प एकाच लांबलचक पानावर ओतू नका. तुमच्या अर्जातल्या लिंकवरून येणारा माणूस थेट एखाद्या प्रकल्पाच्या पानावर उतरतो, मुख्यपान तो बघेलच असं नाही. म्हणून त्या प्रत्येक पानावरून ‘माझ्याविषयी’ आणि ‘संपर्क’ एका क्लिकवर असायला हवेत. चिठ्ठ्या टेबलावर मांडून ही वाट बोटाने चालून बघा. मुख्यपानापासून कोणतंही पान दोन क्लिकपेक्षा लांब गेलं, तर एवढ्या लहान साइटसाठी रचना गुंतागुंतीची झाली आहे असं समजा.

पत्ते ठरवताना पुढच्या पाच वर्षांचा विचार करा. सगळी अक्षरं लहान लिपीतली, शब्दांमध्ये आडवी रेघ (-), पत्त्यात वर्ष नको, ‘नवीन’ किंवा ‘अंतिम’ असले शब्द नकोत. अनेक सर्व्हर मोठी आणि लहान अक्षरं वेगळी मानतात, त्यामुळे एका मोठ्या अक्षरानेही पान ‘सापडलं नाही’ म्हणून परत येतं. देवनागरी पत्ते चालतात, पण कॉपी केल्यावर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं. ‘मराठी’ या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच चिन्हं, म्हणजे पत्त्यात पंचेचाळीस अक्षरं. अर्जात किंवा ईमेलमध्ये अशी लिंक दिली की ती अनेकदा मध्येच तुटते. लेखाचं शीर्षक मराठीत खुशाल ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत आणि आखूड असू द्या.

आता फाइल. या फाइलचा नमुना गुगलने 2005 मध्ये आणला, आणि 2006 पासून याहू आणि मायक्रोसॉफ्टही तोच मानू लागले. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त 50,000 पत्ते आणि न दाबलेल्या स्थितीत 50 एमबी, ही मर्यादा तुमच्या साइटला कधीच लागणार नाही. साधारण 500 पानांपर्यंतच्या आणि आतून नीट जोडलेल्या साइटला साइटमॅपवाचूनही चालेल, असं गुगल स्वतःच सांगतं. तरीही करा. नव्या साइटकडे बाहेरून एकही लिंक येत नसते, आणि सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतला कोणत्या पानाचं काय झालं हा अहवाल साइटमॅपनुसार गाळून बघता येतो.

दहा-पंधरा पानांसाठी एक्सएमएल (टॅगमध्ये माहिती मांडणारी फाइल) लिहायचीही गरज नाही. यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात जतन केलेली साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक ओळीत एक पूर्ण पत्ता आणि दुसरं काहीही नाही, हाही मान्य प्रकार आहे. हाताने सांभाळायच्या साइटला आमची पहिली पसंती यालाच. एक्सएमएलच करायची तर प्रत्येक पानाच्या नोंदीत ‘लॉक’ (loc) हा टॅग सक्तीचा, त्यात पत्ता. ‘लास्टमॉड’ (lastmod, शेवटचा बदल) ऐच्छिक, त्यात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख. ‘प्रायॉरिटी’ (पानाचं महत्त्व) आणि ‘चेंजफ्रीक’ (पान किती वेळा बदलतं) गुगल वाचतच नाही, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

‘लास्टमॉड’ मात्र जपून वापरा. तारखा सातत्याने खऱ्या निघाल्या तरच गुगल त्या विचारात घेतं. पानं आपोआप बांधणारी साधनं अनेकदा सगळ्या पानांवर बांधणीचाच दिवस टाकतात. ह्यूगो या अशाच एका साधनात गिटवरून, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीवरून, तारीख घेण्याची सोय आहे, पण साइट आपोआप बांधून देणारी सेवा गिटहब अ‍ॅक्शन्स मूळच्या सेटिंगमध्ये फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) उतरवतं. मग इतिहासच नसल्याने सगळ्या पानांवर एकच तारीख येते. चेकआउटच्या (फाइली उतरवण्याच्या) पायरीत ‘फेच-डेप्थ’ शून्य ठेवलं की पूर्ण इतिहास येतो आणि तारखा सुधारतात. ते जमत नसेल तर तारीख अजिबात देऊ नका. खोट्या तारखेपेक्षा ते बरं.

यादीत फक्त तेच पत्ते घाला जे थेट 200 (पान सापडलं) हा प्रतिसाद देतात आणि शोधात यावेत असं तुम्हाला वाटतं. दुसरीकडे वळवणारे, ‘नोइंडेक्स’ (शोधात घेऊ नका) ही खूण लावलेले, रोबोट्सच्या फाइलने (robots.txt, शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणारी फाइल) अडवलेले पत्ते बाहेर. ‘एचटीटीपीएस’ आहे की नाही, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आहे की नाही, शेवटी तिरपी रेघ आहे की नाही, यातलं एकच रूप निवडा आणि सगळीकडे तेच ठेवा. ब्लॉग असेल तर टॅगच्या पानांकडे लक्ष द्या. आठ लेखांना वीस टॅग लावले की वीस पोकळ पानं तयार होतात आणि बहुतेक साधनं ती मुकाट्याने साइटमॅपमध्ये घालतात.

फाइल उघडत नसेल तर आधी तिची सुरुवात तपासा. एक्सएमएलच्या घोषणेआधी (ही फाइलची पहिली ओळ) एक रिकामी ओळ किंवा एक स्पेस जरी असली तरी ब्राउझर ‘घोषणा फक्त सुरुवातीलाच चालते’ अशी तक्रार करतो. वर्डप्रेसमध्ये ही रिकामी ओळ बहुधा एखाद्या थीमच्या किंवा प्लगइनच्या पीएचपी फाइलमधून गळते. दुसरं कारण अँपरसँडचं (&) चिन्ह. पत्त्यात ते असेल तर एक्सएमएलमध्ये अँपरसँडनंतर ए, एम, पी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं. जेकिल किंवा ह्यूगो असं पानं बांधणारं साधन वापरत असाल तर फाइल उघडून पहिला पत्ता वाचाच. मूळ पत्त्याचं सेटिंग राहून गेलं की यादीभर ‘लोकलहोस्ट’ (तुमच्याच संगणकाचा पत्ता) किंवा नमुन्याचं डोमेन छापलं जातं. वर्डप्रेस 5.5 पासून स्वतःच साइटमॅप तयार करतं, पण ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ ही खूण चालू राहिली असेल तर तो मिळतच नाही. साइट बांधताना लावलेली ही खूण काढायची राहते, हे फार नेहमीचं आहे.

फाइल साइटच्या मुळाशी ठेवा. आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर नियमाप्रमाणे ती फक्त त्याच फोल्डरमधल्या पत्त्यांना लागू होते. रोबोट्सच्या फाइलमध्ये ‘साइटमॅप’, अपूर्णविराम आणि पूर्ण पत्ता अशी एक ओळ घाला. गिटहब पेजेस या साइट ठेवण्याच्या सेवेवर साइट एखाद्या प्रकल्पाच्या उपफोल्डरमध्ये असेल तर ही युक्ती लागू पडत नाही, कारण रोबोट्सची फाइल फक्त डोमेनच्या मुळाशीच वाचली जाते. तिथे सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप हाताने द्यायचा. साइटमॅप बदलल्याचं ‘पिंग’ करून (एक ठरावीक पत्ता उघडून) कळवण्याचा जुना मार्ग गुगलने 2023 मध्ये बंद करायला घेतला, त्यामुळे तो सांगणाऱ्या जुन्या सूचना सोडून द्या.

सर्च कन्सोलमध्ये साइटमॅपपुढे ‘आणता आलं नाही’ असा शेरा दिसला तर खाजगी खिडकीत पत्ता उघडून बघा. तिथे तो व्यवस्थित उघडत असेल तर दोन-चार दिवस थांबा, नव्या साइटवर हा शेरा अनेकदा आपोआप जातो. ‘यशस्वी’ या शेऱ्याचा अर्थ मात्र फाइल वाचली गेली एवढाच. पानं शोधात आली की नाही, हे पानांच्या अहवालातच कळतं.

साइटमॅपमधली प्रत्येक गोष्ट जगजाहीर असते, हेही ध्यानात ठेवा. फोन नंबर आणि घरचा पत्ता असलेली बायोडेटाची पीडीएफ यादीत घालू नका. रोबोट्सच्या फाइलमध्ये तिला अडवणं म्हणजे ती कुठे आहे हे सांगणंच. खाजगी आवृत्ती साइटवर चढवूच नका.

पान हलवलं तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 (कायमचं वळवणं) लावा, तो किमान वर्षभर ठेवा, आणि साइटमॅपमध्ये फक्त नवा पत्ता असू द्या. पान कायमचं काढलं तर नोंद यादीतून आणि आतल्या सगळ्या लिंकमधून त्याच दिवशी काढा. ती कुठून कुठून काढायची, हे चिठ्ठीच्या चौथ्या रकान्यात लिहिलेलं असेलच.