टोमॅटोला शेणखत आणि रासायनिक खत एकत्र देताना या चुका टाळा

नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, टोमॅटोवाला शेतकरी खताच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. घोळ होतो तो कधी आणि कशासोबत दिलं यात. शेणखत की रासायनिक हा वाद मला पटत नाही, टोमॅटोला दोन्ही लागतं.

सगळ्यात महागात पडतं ते कच्चं शेणखत. वरून काळंभोर दिसतं म्हणून बेडवर पसरतात, लगेच मल्चिंग पेपर अंथरतात. त्याआधी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, नाकाला झोंबणारा वास आला, कडब्याच्या काड्या जशाच्या तशा निघाल्या, तर ते खत अजून कुजायचंय. जमिनीत कुजताना त्यातले जीवाणू नत्र स्वतःसाठी ओढतात आणि लागवडीनंतर रोपं पिवळी पडतात. शेतकरी घाबरून युरियाचा मोठा डोस देतो. पुढे ऐन फुलोऱ्यात अडकलेलं नत्र मोकळं होतं, झाड नुसतं पाल्यावर जातं, फुलं गळतात. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा त्रास वेगळाच. रोपं पिवळी पडलीच असतील तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) ड्रिपमधून थोडं थोडं, विभागून द्या.

दुसरी चूक हिशोबाची. संकरित टोमॅटोला हेक्टरी ३००:१५०:१५० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी शिफारस आहे. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे २० टनांत १०० किलो. ते सगळं पहिल्याच हंगामात लागू होत नाही, हे खरं. पण ते शून्य धरून वर पूर्ण डोस ओतणंही बरोबर नाही. माती परीक्षणाचा अहवाल हातात घेऊनच बेसल डोस, म्हणजे लागवडीच्या वेळचं खत, ठरवा.

जैविक खतांचं तर फार नुकसान होतं. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जीवाणू) थेट डीएपी या रासायनिक खतात कालवून टाकतात. खताच्या क्षारांत ते जगत नाहीत. कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ठेवा, मग बेडमध्ये द्या. रासायनिक डोस आणि यांच्यात आठ दिवसांचं अंतर हवंच. बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणंही, याच काळात नको.

कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) किंवा मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत नको. पाणी दुधाळ होतं, साका बसतो, ड्रिपर चोंदतात. शंका आली तर आधी बाटलीभर पाण्यात मिसळून बघा.

फळाचं बूड काळं पडलं की सगळे कॅल्शियम फवारायला धावतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम सहसा भरपूर असतं. पण पाणी एकदा तुडुंब, एकदा कोरडं, वर अमोनियमयुक्त नत्र आणि पालाशचा मारा, त्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी आधी ड्रिपची वेळ सुधारा: वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) टिकेल एवढंच पाणी, पण नेमाने. काळी पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत.