तंबोरा लावताना: पट्टी जुळली, आता दोऱ्याकडे बघा

तारा नव्या आहेत, खुंट्या घसरत नाहीत (घसरत असतील तर खडू लावा) आणि आपली पट्टी (आपला षड्ज कुठला ते) तुम्हाला ठाऊक आहे, हे धरून चालते. फक्त गवसणीतून तंबोरा अर्धा तास आधी काढा, आणि जिथे गायचं आहे त्याच खोलीत काढा. पावसाळी हवेतून एसीच्या सभागृहात आणून लगेच लावलेला तंबोरा पहिला ख्याल संपायच्या आत हलतो.

तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर, तारांखाली घालायचे दोरे अजून घालू नका. आधी जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारा षड्जावर आणा. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज वरखाली हेलकावतो. हे हेलकावे लांबत लांबत नाहीसे झाले की जोड जुळली. मग पंचमाची तार, आणि शेवटी खरज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार. खुंटीने जवळपास यायचं आणि उरलेलं काम तारेत ओवलेल्या मण्याने करायचं. मणी लंगोटाकडे (भोपळ्याच्या टोकाशी तारा अडकवलेल्या असतात तिकडे) सरकवला की सूर चढतो, घोडीकडे नेला की उतरतो.

मोबाइलवर हिरवा दिवा लागला म्हणजे तंबोरा लागला, असं सांगणाऱ्यांना हात जोडा. षड्ज धरायला अ‍ॅप चालेल, पंचमाला नाही. सप्तकाचे 1200 भाग केले तर पेटीचा पंचम 700वर असतो आणि तंबोऱ्याला हवा असलेला 702च्या जवळ. दोनच भागांचा फरक, पण काळी एकच्या पट्टीत तेवढ्यानेही साधारण दर दोन सेकंदांना एक हेलकावा येतो. विलंबितात षड्ज लावून बसलेल्या गळ्याला तो छळतो. पंचम जोडीशी कानानेच मिळवा. मालकंसात त्या तारेवर मध्यम, मारव्यात निषाद.

एवढं झालं की बरेच जण गायला लागतात. तंबोरा सुरात असतो, पण बोलत नसतो. सगळा नाद घोडीवर, तारेखाली सरकवायच्या त्या वीतभर दोऱ्यावर अवलंबून आहे, आणि नेमकं तेच कुणी नीट शिकवत नाही. ‘दोरा घाला आणि हलवत राहा, आपोआप सापडेल’ हा सल्ला मी फार ऐकला. आपोआप काही सापडत नाही.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावरून निसटती घासत गेली तर तिच्यातले वरचे सूर मोकळे होतात. दोरा तारेला केसभर उचलतो आणि हे घासणं नेमकं किती व्हावं ते ठरवतो. दोरा खुंट्यांच्या बाजूला फार पुढे गेला तर तार घोडीला शिवतच नाही. आवाज स्वच्छ येतो, पण कोरडा आणि लवकर विरणारा. लंगोटाच्या बाजूला फार मागे राहिला तर तार घोडीवर लोळते आणि आवाज चरचरतो किंवा दबतो. तुमची जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ती तांदळाच्या दाण्याहून रुंद नसते.

म्हणून क्रम पाळा. तार अंगठ्याने किंचित उचलून दोरा मागच्या बाजूला घाला. गाठ नको, दोन्ही टोकं मोकळी ठेवा. एका हाताने तीच तार सारखी छेडत राहा, दुसऱ्या हाताने दोन्ही टोकं धरून दोरा पुढे ओढा. ओढा म्हणजे जेमतेम हलेल इतकाच. आवाज आधी चरचरेल, मग भरेल, मग एकदम उघडेल. उघडल्यावरही थोडं पुढे जा, नाद पातळ होऊ द्या आणि मग परत या. पलीकडची बाजू ऐकल्याशिवाय मधली जागा कळत नाही. तार बोटाच्या मांसल भागाने, लांबीच्या साधारण मध्यावर छेडा. नखाने छेडलीत तर जो झणझणाट येईल त्याला जवारी, म्हणजे घोडीवरून उमटणारा भरलेला नाद, समजून बसाल.

दोरा साधा सुती. पॉलिस्टरचा घसरतो. खरजेला जाड, हवं तर दुहेरी पीळ दिलेला. चारही तारांना एकाच रिळातला दोरा घालायचा हट्ट नको.

दोरा बसला की सूर थोडा सरकतो, तेव्हा मणी पुन्हा बघा. आणि पंचमाची तार मध्यमावर उतरवलीत तर तिचा दोराही पुन्हा शोधावा लागतो. मैफलीच्या मधोमध राग बदलणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं.

परीक्षा गंधाराची. खरज एकटी छेडा आणि तिचा पाचवा अंश, म्हणजे त्याच तारेतून आपोआप उमटणारा वरचा सूर, ऐका: दोन सप्तकं वर, स्वयंभू गंधार. तो पेटीवर तपासू नका, पेटीचा गंधार त्याहून 14 भाग चढा असतो. तो ऐकू येत नसेल तर खुंटीला हात लावू नका, दोष दोऱ्यात आहे. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोऱ्यावर लिहिलं ते याच घोडीबद्दल. नियमाप्रमाणे ज्या जागी छेडल्यावर काही अंश गप्प बसायला हवेत, तिथेही ते या घोडीमुळे वाजतात.

चारही तारांची जवारी सारखीच खुली असावी. एखादीच ओरडत असेल तर ती थोडी मागे घ्या, बाकीच्यांना तिच्या मागे पळवू नका. गोल (मऊ) हवी की खुली (झणझणीत), ते तुमच्या गळ्यावर. मला स्वतःला फार खुली जवारी सहन होत नाही, तिच्यात बारीक आवाज हरवतो.

दोरा कुठेही नेला तरी नाद उघडत नसेल तर घोडीवर तारांच्या खाचा पडल्या आहेत. पॉलिश पेपर घेऊन स्वतः घासायला बसू नका. केसभर जास्त घासलं गेलं की तो उतार परत आणता येत नाही. जवारी काढणाऱ्या, म्हणजे घोडी घासून नाद उघडून देणाऱ्या कारागिराकडेच द्या. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून वाद्यं घडवायला घेतली, आणि 2024 साली तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जा किंवा तुमच्या गावातल्या जाणत्याकडे जा, पण वाद्य नुसतं ठेवून येऊ नका. पट्टी सांगा, जवारी गोल की खुली ते सांगा, आणि त्याच्यासमोर चार आलाप घेऊन दाखवा.